अंबादास सरांचे कान

आमच्या कॉलनीच्या गणेश मंडळाची स्मरणिका निघते आहे. मंडळाच्या पहिल्या वर्षापासून मी त्यात आहे, म्हणून 'मंडळाची वाटचाल' हा लेख मी लिहावा असं मुलांनी ठरवलं. मी हो म्हणालो. पण लिहायला बसलो की वाटचाल बाजूला राहते आणि अंबादास सर समोर येऊन उभे राहतात. तेव्हा वाटचाल दुसऱ्या कुणी लिहावी. मी अंबादास सरांवर लिहितो.

कॉलनीतल्या नव्या लोकांना हे नाव सांगून ओळख पटायची नाही. 'ढोंगी मास्तर' म्हटलं की पटेल. कोपऱ्यावरच्या त्यांच्या घरात आता भाडेकरू राहतात, पण घराला अजून 'ढोंगी मास्तरचं घर' असंच म्हणतात. परवा कुरिअरवाल्यालाही कुणी तोच पत्ता सांगत होतं. हे नाव मी ठेवलेलं आहे. ते काढायचं म्हणून हे लिहिणं.

अंबादास सर आणि मी एकाच हायस्कूलमध्ये शिकवत होतो. ते गणित, मी इतिहास. उंच, किरकोळ बांधा, इस्त्रीचा शर्ट आणि पायात कायम कॅनव्हासचे बूट. चपला फटफट वाजतात म्हणून त्या ते घालत नसत. वर्गात शिरण्याआधी दारातच खडूचे दोन तुकडे करायचे. अख्खा खडू फळ्यावर किंचाळतो, अर्धा किंचाळत नाही, असं त्यांचं म्हणणं. एका रविवारी मी विसरलेली छत्री आणायला शाळेत गेलो, तर सर आपल्या वर्गात फरशीवर बसून बाकांच्या पायांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बांधत होते. मला पाहून ओशाळले.

"बाक सरकला की दातातून कळ जाते ओ सर," ते म्हणाले. "आता पोरांना हलू नका असं कसं सांगायचं?"

पोरं त्यांच्या तासाला गप्प असत, पण भीतीने नव्हे. सर कधी ओरडत नसत. निम्मं हातांनीच बोलत. उदाहरण सोडवताना एखादा मधली पायरी चुकला, की सर दोन्ही हातांच्या चिमट्या जुळवून झटक्यात दूर न्यायचे. म्हणजे धागा तुटला. पोरगा चूक शोधत मागे जायचा. सापडली की सर त्याच चिमट्या एकमेकींवर फिरवून गाठ मारल्याची खूण करायचे. म्हणजे सांध, आणि चल पुढे.

ही खूण मागावरची. सर पद्मशाली विणकरांच्या घरातले. सोलापूरच्या पूर्व भागातल्या त्यांच्या घरात पुढच्या खोलीत यंत्रमाग आणि मागच्या खोलीत माणसं. माग चालू असताना तिथे कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही. सगळा कारभार खुणांनी आणि ओठ वाचून. त्यामुळे मुख्याध्यापक स्टाफरूमच्या दुसऱ्या टोकाला कुणाच्या कानात काही कुजबुजले, तरी अंबादास सरांना ते कळायचं. या एका गुणामुळे स्टाफरूममध्ये त्यांना भलताच मान होता.

डबा मात्र ते आमच्यात खात नसत. घंटा झाली की डबा घेऊन मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसत. आम्ही तर्क करायचो. घरात तेलुगू बोलणारा माणूस, आपल्यात मिसळायला नको वाटत असेल. नाहीतर डब्यात काही खास असेल. एकदा माझ्या डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी होती. मी त्यांचा दंडच धरला.

"आज बसायचं म्हणजे बसायचं सर. सोलापुरात राहून कडक भाकरीला नाही म्हणताय काय?"

ते बसले. मी तुकडा मोडून तोंडात घातला, बाकीच्यांनीही घातला. पाच-सहा जणांचे दात एकदम कडक भाकरीवर चालायला लागले. सरांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली आणि कधी न ऐकलेल्या आवाजात म्हणाले, "आमटीत भिजवून खा की सर. पाया पडतो तुमच्या."

"भिजवली तर ती कडक भाकरी कसली ओ?" मी म्हणालो. सगळे खो-खो हसले. सर उठून गेले.

नंतर हात धुवायला गेलो, तर ते नळ सोडून नुसते त्या धारेकडे पाहत उभे होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "सर, मघाशी मी तुमच्या थोबाडीत मारणार होतो. तुम्ही काहीच केलं नव्हतं. तरी मारणार होतो. म्हणून मी एकटा जेवतो."

त्या दिवसापासून आमची मैत्री झाली म्हणायला हरकत नाही. निवृत्तीच्या अलीकडे आम्ही दोघांनी या कॉलनीत समोरासमोर घरं बांधली. तेव्हा कळलं की ते पद्मावहिनींबरोबरही जेवत नाहीत. वहिनी आधी वाढायच्या, सरांचं झालं की मग स्वयंपाकघरात दार लोटून आपण जेवायच्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दोघं एका ताटाभोवती बसलेली कुणी पाहिली नव्हती. वहिनी हे हसत सांगायच्या. "माझे दात वाईट आहेत असं म्हणत नाहीत हो, माझं खाणं वाईट आहे असंही म्हणत नाहीत. चूक कुणाचीच नाही. मग भांडायचं कुणाशी?"

डॉक्टरही करून झाले. कानाच्या डॉक्टरांनी कान उत्तम आहेत म्हणून सांगितलं, आणि इतके उत्तम कान असल्याबद्दल सरांचं अभिनंदन केलं. सर घरी येऊन म्हणाले, "नापास झालो असतो तर बरं झालं असतं."

त्यांच्या वागण्यातली एक गोष्ट मात्र मला कधी उलगडली नव्हती. लग्नाच्या पंगतीत पापड मोडायला लागले की हा माणूस ताट उचलून थेट बँडवाल्यांच्या शेजारी जाऊन बसायचा. ताशाच्या अगदी काखेत. आणि निवांत जेवायचा. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "आमच्या घरी लाईट गेली की अख्खं घर जागं व्हायचं. माग थांबले ना! पुतण्या झोपेतच रडायला लागायचा. आई उठून कंदील लावायची आणि लाईट येईपर्यंत सगळी बसून राहायचो." मी विचारलं एक आणि हे सांगतात दुसरंच, असं मला वाटलं. खरं तर त्यांनी उत्तर दिलं होतं.

आता मंडळाकडे येतो. कॉलनीची मिरवणूक सुरुवातीपासून लेझीमची होती. मग बबलूसारखी नवी पोरं मंडळात आली आणि डॉल्बीचा आग्रह सुरू झाला. बबलू तेव्हा कॉलेजात होता. आज मंडळाचा अध्यक्ष आहे आणि हा लेख आधी तोच वाचणार आहे. मला डॉल्बी नको होता. पण म्हाताऱ्याला नको म्हणून कोण ऐकणार? मी सभेत अंबादास सरांचं नाव पुढे केलं. सरांना आवाजाचा कसा त्रास होतो, डॉल्बीचा ट्रक नुसता मेन रोडवरून गेला तरी फडताळातली भांडी थरथरतात आणि सर डोकं धरून कसे बसतात, हे मी असं काही रंगवून सांगितलं की बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉल्बी रद्द झाला.

सरांना हे आवडलं नाही. "खरं आहे ते," ते म्हणाले, "पण माझं नाव कशाला घेतलं? तुम्हाला नको होता, तुमचं नाव घ्यायचं."

त्यानंतर त्यांची मुलगी लावण्या हैदराबादहून आली, तेव्हा तिने वडिलांसाठी हेडफोन आणले आणि त्यांच्या फोनवर कसली तरी गाणी भरून दिली. ती गाणी हेवी मेटलची, म्हणजे इंग्रजी आरडाओरड्याच्या बँडची होती. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. वहिनींचा चेहरा मात्र त्या दिवसांत उजळलेला दिसायचा. सुमनला, म्हणजे माझ्या बायकोला, त्या एकदा म्हणाल्या, "आम्ही आता बरोबर जेवतो." सुमनने ते मला सांगितलं. मी पेपर वाचत होतो. हं म्हणालो.

गणपती जवळ आले. मांडवासाठी शिडी मागायला बबलू भरदुपारी सरांच्या घरी गेला. दोघं जेवत होती. सरांच्या कानावर हेडफोन, ताटाशेजारी फोन, आणि फोनच्या पडद्यावर कवटी आणि केस मोकळे सोडलेले, तोंडाला रंग फासलेले चार जण. बबलूने पडद्यावरचं बँडचं नाव शोधून आपल्या फोनवर लावलं आणि त्या संध्याकाळच्या सभेत फोन उंच धरून सगळ्यांना ऐकवलं. एकदम किंकाळ्या. एका आजींनी कानावर हात ठेवले.

"काका, तुमचा पेशंट हे ऐकतोय बघा की!" बबलू म्हणाला. "आमचा डॉल्बी सोसत न्हाय आणि राक्षस बरे सोसतेत व्हय?"

सभा हसून लोळायला लागली. कुणीतरी म्हणालं, काकांना चांगलं बनवलं मास्तरने. दोनपैकी एक वाक्य मी बोलायला हवं होतं: थांबा, मी त्यांना विचारतो. किंवा: त्यांचं राहू दे, डॉल्बी मला नको आहे. पण सगळे माझ्याकडे बघून हसत होते आणि मला ते सोसलं नाही. मी उठून म्हणालो, "मलाच फसवलं या माणसाने. कान-बिन काही नाही. ढोंगी मास्तर आहे तो."

सर सभेला नव्हते. सभेत खायला देतात म्हणून ते येत नसत. वहिनी होत्या. त्यांनी शेजारणीला वाट द्यायला सांगितलं आणि त्या निघून गेल्या. हात वर झाले, डॉल्बी मंजूर झाला. पोरांनी मला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सर माझ्या व्हरांड्यात आले. हातात हेडफोन. "एकदा ऐका," ते म्हणाले. "मग काय म्हणायचं ते म्हणा."

कान फाटतील अशी भीती बाळगतच मी तो लावला. आधी वाटलं, फोन बंद आहे. आवाज इतका कमी होता. मग हळूहळू कळायला लागलं. दम न खाता वाजणाऱ्या ताशासारखे ढोल, त्याखाली पिठाच्या गिरणीसारखी घरघर आणि विहिरीच्या तळातून ओरडणारा कुणी माणूस. मी तो काढून सुमनला दिला. ती क्षणभर ऐकून म्हणाली, "अगं बाई! डोक्यात कुणी भांडी घासतंय."

सर हसले. "तुम्हाला घासल्यासारखं वाटतं वहिनी, मला पांघरूण घातल्यासारखं."

"पण एवढा हळू?" मी विचारलं.

"मोठा कशाला पाहिजे सर? दाट पाहिजे." ते पायरीवर बसले. "सुटा धागा बोट कापतो. त्याच धाग्यांचं कापड झालं की कापतं का? खाण्याचा आवाज म्हणजे सुटा धागा. डॉल्बीपण सुटाच, फक्त दोरखंडाएवढा. एक दणका, मग मोकळी जागा, परत दणका. त्या मोकळ्या जागेत पुढच्या दणक्याची वाट बघत मी मरतो. ह्यात मोकळी जागाच नाही. जी गाणी मधेच थांबतात ती मी काढून टाकली."

"आणि ते ओरडून म्हणतात काय?"

"काय की! लावण्या म्हणते लई वाईट शब्द आहेत. मला एकही कळत नाही, बरंच आहे." मग उठता उठता म्हणाले, "पद्माच्या तोंडातला घास मला ऐकू येत नाही एवढंच मला पाहिजे होतं. पण काल रात्री ती परत आत जाऊन जेवली. म्हणाली, लोक खिडकीतून बघतात."

मी काय करायला हवं होतं हे वाचणाऱ्याला सांगायला नको. मी काही केलं नाही. मंडळात पोरं मला आता खुर्ची द्यायची, माईक हातात द्यायची. ते सुख मला नवं होतं.

विसर्जनाच्या दिवशी डॉल्बीचा ट्रक दुपारीच कॉलनीत येऊन उभा राहिला. पहिल्या दणक्याला माझ्या खिडकीची काच खुळखुळली. मला ब्लडप्रेशर; सुमनने गोळी दिली, दारं लावली, तरी दणके आत येतच होते. तेवढ्यात सरांनी रिक्षा आणली. वहिनींना बसवलं आणि माझ्या दाराशी येऊन म्हणाले, "चला सर. भावाकडे जाऊन बसू." आणि सुमनला, "वहिनी, तुम्ही पण चला."

मला वाटलं, कुठे शांत जागी नेतायत. रिक्षा पूर्व भागातल्या एका बोळात, पत्र्याच्या शेडसमोर थांबली. कामगारांना सुट्टी होती. भावाने आमच्यासाठी म्हणून स्वतः माग चालू ठेवले होते. टॉवेल निघत होते. आत पाय टाकला आणि मला भिंत अंगावर आल्यासारखं झालं. वहिनी आणि सुमन मागच्या खोलीत गेल्या. सर भिंतीशी एका लोखंडी खुर्चीवर बसले, डोकं मागे टेकलं आणि पाहता पाहता त्यांच्या कपाळावरची शीर मऊ झाली. इतकी वर्षं ती शीर मी पाहत आलो होतो. ती कायमच उठलेली असते असं मी समजत होतो.

मी शेजारी स्टुलावर बसलो. हळूहळू त्या खडखडाटाचे तुकडे दिसेनासे झाले. छातीला तो सोसेना, पण त्यात लपता येतं एवढं मला कळलं. लपता येतं म्हणूनच मी बोललो. स्वतःचाच आवाज मला ऐकू येत नव्हता. म्हणालो, "सर, चुकलं माझं. तुम्ही ढोंगी नाही. मी खोटं बोललो."

सरांचे डोळे मिटलेले आहेत असं मी धरून चाललो होतो. ते उघडे होते. माझ्या ओठांवर होते. त्यांनी दोन्ही चिमट्या जुळवून दूर नेल्या. मग परत जवळ आणल्या आणि गाठ मारल्याची खूण केली.

बाहेर आल्यावर बोळात चहा घेताना ते म्हणाले, "आत बोललात ते कळलं मला. पण आत कुणाला ऐकू येत नाही सर. तुम्ही मला ढोंगी म्हणालात ते सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणालात."

"पुढच्या सभेत सांगतो," मी म्हणालो. "शब्द देतो."

"मग मी येतो सभेला," सर म्हणाले.

त्या सभेनंतर थोड्याच दिवसांत ती दोघं लावण्याकडे हैदराबादला गेली. सर वारल्याची बातमी तिथूनच आली. सुमनने वहिनींना फोन केला होता. वहिनींनी मला फोन द्यायला सांगितलं नाही.

म्हणून आता इथे, सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो. अंबादास सर ढोंगी नव्हते. त्यांना होणारा त्रास खरा होता आणि त्यांना सापडलेला उपायही खरा होता. दोन्ही एकाच कानाचं होतं. डॉल्बी मला नको होता, त्यासाठी मी त्यांचं दुःख वापरलं. आणि लोक हसले तेव्हा माझी अब्रू राखायला त्यांची घेतली. बबलू, तू फक्त फोन दाखवलास. शब्द माझा होता.

आणि ती सभा. मी सरांना शेवटचं पाहिलं ते त्या सभेत.

हॉल भरला होता. चिवड्याच्या बशा फिरल्या होत्या आणि शंभरएक माणसं एकदम चिवडा खात होती. सर शेवटच्या रांगेत, भिंतीशी बसले होते. शेजारी वहिनी. हेडफोन त्यांनी आणला होता, पण कानाला लावला नव्हता. मी काय बोलतो ते ऐकायचं म्हणून मांडीवर काढून ठेवला होता. चेहरा लाल, कपाळावरची शीर उठलेली, एका हाताने पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरलेली. त्यांच्या पुढे बसलेला माणूस शेंगदाणे वेचून वेचून चावत होता.

माझं नाव पुकारलं. टाळ्या झाल्या. बबलूने माईक दिला. मी सरांकडे पाहिलं. त्यांनी खुर्चीवरचा हात सोडला, छातीपाशी आणला आणि चिमट्या जुळवून दूर केल्या. तशाच दूर धरून वाट पाहत राहिले.

मी कॉलनीच्या पाण्याच्या टाकीविषयी बोललो. टाकी जुनी झाली आहे, झाकण बसवायला हवं, वर्गणी काढायला हवी. चांगलं बोललो. पुन्हा टाळ्या झाल्या.

मी खाली बसलो तेव्हा सरांचे हात अजून तसेच होते, दोन चिमट्यांमध्ये वीतभर मोकळी जागा. मग त्यांनी ते खाली घेतले. मांडीवरचा हेडफोन उचलला, दोन्ही कानांवर नीट बसवला आणि वहिनींच्या बशीतला थोडा चिवडा उचलून त्यांच्या हातावर ठेवला. वहिनी खाऊ लागल्या. सर त्यांच्याकडे पाहत बसले होते.